पाचव्या दिवसाचे वकील

त्यांना कुणी "जेवण झालं का?" असं विचारलं तरी ते सरळ उत्तर देत नसत. आधी चष्मा काढत, कोटाच्या टोकानं पुसत, परत नाकावर बसवत आणि मग म्हणत, "यावर म्हणणं मांडाले जरा मुदत द्या." ऐकणारे खो खो हसत. मी हसत नसे. एकाच केसमध्ये अकरा वर्षं मी त्यांच्या विरुद्ध बाजूला उभी होते. तुम्ही अकरा वर्षं उभे राहून पाहा, मग हसू येतं की पित्त खवळतं ते मला सांगा.

अकोल्याच्या कोर्टात त्यांना पाठीमागे सगळे 'ड्रॉसाहेब' म्हणत. तोंडावर म्हटलं असतं तरी त्यांना आवडलंच असतं. बाकीचे वकील केस जिंकतात नाहीतर हरतात. हे दोन्ही करत नसत. यांच्याकडे केस गेली की ती संपायचीच थांबायची. पक्षकारांचे केस पिकत, त्यांची पोरं वारस म्हणून रेकॉर्डवर येत, न्यायाधीश बदलून जात, आणि हे आपले उभेच.

ज्यांचा कोर्टाशी संबंध आला नाही (देव करो आणि न येवो) त्यांना एक गोष्ट सांगायला हवी. दोन्ही वकिलांचा युक्तिवाद ज्या न्यायाधीशांनी ऐकला, निकालही त्यांनीच द्यायचा असतो. युक्तिवाद अर्धवट असताना साहेबांची बदली झाली, की नव्या साहेबांपुढे सगळं पुन्हा पहिल्यापासून. या एका गोष्टीवर त्यांची तीस वर्षांची वकिली उभी होती. कोणत्या साहेबांची बदली कधी होणार हे त्यांना साहेबांच्या बायकोच्या आधी कळायचं. त्या दिवसापर्यंत युक्तिवाद चालू ठेवायचा, बस. "बदली झाली का स्टंप उपटले," ते म्हणायचे. "मंग अंपायरबी घरी आन आपनबी घरी."

कारण त्यांच्या डोक्यात कोर्ट आणि क्रिकेट यांच्यात भिंतच नव्हती. क्रिकेट म्हणजे टेस्ट, आणि टेस्ट म्हणजे पाचवा दिवस, आणि पाचवा दिवसही कसा, तर आपली टीम मार खाऊन बसलेली, जिंकायची आशा संपलेली, आणि संध्याकाळपर्यंत नुसतं टिकून राहायचं. आपले लोक जिंकायला लागले की हे टीव्ही बंद करून भाजी आणायला जात. वीस ओव्हरच्या मॅचला तर ते मॅचच म्हणत नसत. "जिकनं काय, कोनालेबी जमते," ते मला एकदा बाररूममध्ये म्हणाले. "चार फटके बसले का जिकला. पन दिवसभर काहीच न करता उभं राह्याचं? त्याले बूड लागते, बाई."

"उभं राहायला बूड कशाला लागतं?" मी विचारलं.

त्यांनी चष्मा काढला. मी उठून गेले.

अंतिम युक्तिवादाच्या दिवशी ते काळ्या कोटाखाली पांढरे कॅनव्हासचे बूट घालून येत. त्यांना खडूनं पांढरं केलेलं असे. पायाला कुरूप आहे असा अर्ज त्यांनी कधीकाळी दिला होता, आणि त्या अर्जावर आदेश व्हायच्या आत ते साहेबही बदलून गेले होते. युक्तिवादाला उभं राहण्याआधी हा माणूस बुटाच्या टोकानं फरशीवर रेघ ओढून, बॅट्समन क्रीजवर जागा आखून घेतो तसा, गार्ड घ्यायचा. माझ्यावर विश्वास नसेल तर जाऊन बघा, दुसऱ्या मजल्यावरच्या त्या कोर्टात बचाव पक्षाच्या टेबलापाशी एक फरशी अजून खरवडलेली आहे. मग पेन टेबलावर तीन वेळा ठक ठक ठक. मग साहेबांच्या डोक्यावरच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे नजर. साहेबांच्या तोंडाकडे ते कधीच पाहत नसत. साहेब बोलतायत, हसतायत, वैतागलेत, कशाचं काही नाही. नजर घड्याळावर.

आणि मग सुरू. एखादा निवाडा सांगायचा तर त्याचं वर्ष, खंड, पान, दोन्ही पक्षकारांची बापासकट नावं. मग "माफी असावी साहेब, पान चुकलं." मग बरोबर पान. मग पाणी. मग "पाण्याबद्दल आभारी आहे." मी एखादा भारी मुद्दा टाकला की ते म्हणत, "यावर आमचं काही म्हणणं नाही," आणि तो शांतपणे जाऊ देत, ऑफ स्टंपबाहेरचा बॉल सोडावा तसा. हे सगळं मला तेव्हा कळत नव्हतं. क्रिकेटमधलं मला काडीचं कळत नव्हतं. या माणसाला आउट करायचं म्हणून मी ते शिकले.

त्यांच्या घरी मी एकदाच गेले होते, नोटीस द्यायला. त्यांच्या बायकोनं, म्हणजे काकूंनी, पोहे दिले. काकू शाळेत शिकवून रिटायर झालेल्या, बोलायला फटकळ. "यायनं मले पाहाले आल्यावर सांगतलं का, विचार कराले वेळ पाह्यजे," त्या म्हणाल्या. "तीन वर्सं वेळ घेतला. माह्या बापानं शेवटी यायच्या दारात खाट टाकली. आता भाजी काय आनू इचारलं तर पुढची तारीख देतात." ते आतून ऐकत होते. "हे म्हणणं आम्हाला मान्य नाही," असा आवाज आला, पण कारणं काही आली नाहीत.

आता माझ्या मामाचं सांगते, कारण त्याच्याशिवाय हे पूर्ण होत नाही.

माझं माहेर अमरावतीचं. लग्न होऊन अकोल्यात आले. माझा मामा तरुणपणी अमरावतीत कॉलेजच्या टीमचा फास्ट बॉलर होता. एका सुट्टीत मी सहज या वकिलांचं नाव घेतलं, तर मामानं हातातली कपबशी खाली आपटली.

"तो? तो मानूस अजून खेळूनच राहिला?"

झालं होतं असं. चाळीसेक वर्षांपूर्वी दोन कॉलेजांची मॅच. मामाच्या टीमला जिंकायला तीन विकेट हव्या होत्या आणि हातात अख्खी दुपार होती. नवव्या नंबरला हे महाशय आले. मामाचा पहिलाच बॉल त्यांच्या बॅटीला लागून मागे विकेटकीपरच्या हातात गेला. मामा म्हणतो, आवाज साऱ्या अमरावतीनं ऐकला. पण अंपायर होते गणिताचे प्रोफेसर, आणि त्यांना नेमकी त्याच वेळी शिंक आली. त्यांनी नाबाद दिलं. आणि हा माणूस, ज्याला स्वतःला पक्कं माहीत होतं, तो हलला नाही. गार्ड घेतला, बॅट तीन वेळा ठोकली, आणि दिवस मावळेपर्यंत उभा राहिला. एकूण रन तीन. मामानं त्या दुपारी इतकी बॉलिंग केली की त्याचा उजवा खांदा गेला. तो हात अजून खांद्याच्या वर जात नाही. माळ्यावरचा डबा मामी काढते, आणि दर वेळी डबा काढताना मामा त्या माणसाचा उद्धार करतो.

"त्याले इचार," मामानं मला बजावलं. "फक्त एवढंच इचार. लागली होती का नाई."

मी विचारलं. बाररूममध्ये, चहा पिताना. त्यांनी चष्मा काढला, पुसला. "तू त्याची भाची हायेस होय," म्हणाले. आणि मग तेच, "यावर म्हणणं मांडाले मुदत द्या."

आता ती केस. मोर्णा नदीच्या पलीकडे, जुन्या शहरात एका गल्लीत एक जिल्दसाज चाचा बसतात. अकोल्यातल्या यच्चयावत वकिलांची कायद्याची पुस्तकं त्यांनी बांधली आहेत, माझीसुद्धा. दुकान दहा फुटांचं. मध्ये पुस्तकं दाबायचा लोखंडी शिकंजा आहे, तो चाचांच्या वडिलांनी जमिनीत पुरून बसवलेला. तो उपटला तर मोडणार, आणि तो मोडला तर चाचांचं काम संपलं. घरमालक शेठजींना ती जागा हवी होती, पोराला मोबाइलचं शोरूम टाकायला. शेठजींची वकील मी. चाचांचे वकील ते.

चाचा माझ्याशी या केसबद्दल एकदाच बोलले. मी बांधलेली पुस्तकं घ्यायला गेले होते. पुस्तकं द्यायची तशीच सुबक बांधून दिली, आणि शिकंज्याच्या दांडीवर हात ठेवून म्हणाले, "बाईसाब, हाथ को जगह की आदत हो गई है. आँख अब काम नहीं करती, पर इधर सुई किधर पडी है, हाथ को मालूम है."  मी म्हटलं, कोर्ट काय ते बघेल. घरी येताना मात्र मला त्या पुस्तकांचं वजन जास्त वाटलं.

तर अकरा वर्षं. तीन न्यायाधीश बदलले. एकट्या शेठजींची उलटतपासणी यांनी चार तारखा घेतली. वेळ काढायचा म्हणून काय विचारावं या माणसानं? तुमच्या घरी नळ किती? पंखे किती? त्यातले चालू किती? शेठजींना आपल्या मालमत्तेबद्दल बोलायला भयंकर आवडतं, ते खुलले. मग दुकानं किती? सात. चालू किती? "पाच. दोन खालीच हायत, स्टेशनाकडची. भाड्यानं द्याची गरजच नाई पडली आपल्याले," शेठजी छाती फुगवून म्हणाले.

 पोरासाठी जागा हवी म्हणून म्हाताऱ्याला बाहेर काढायला निघालेला माणूस स्वतःच्या तोंडानं सांगतोय की माझी दोन दुकानं रिकामी पडलीत! केस तिथंच संपली होती. मी डोळे मिटून घेतले. आणि ड्रॉसाहेबांनी घड्याळाकडे पाहत पुढचा प्रश्न विचारला, "बरं, त्या दोन बंद दुकानांची कुलपं पितळी आहेत की लोखंडी?"

अहो, त्यांना कळलंच नाही! बॅटीची कड लागून चौकार गेला आणि खेळणाऱ्यानं वर पाहिलंसुद्धा नाही. ते वाक्य रेकॉर्डवर गेलं, कागदांच्या ढिगात दबलं, आणि पुढची दोन वर्षं मी रोज देवाला सांगत होते की ते पान कुणाला दिसू नको देऊ.

चौथे साहेब आले ते पुण्याकडचे. तरुण, शांत, 'का' ऐवजी 'काऊन' ऐकलं की दचकणारे. त्यांना बढती मिळाली आणि चार्ज सोडायचा दिवस ठरला. त्या दिवशी सकाळी त्यांनी दोघांनाही स्पष्ट सांगितलं, "साडेतीनच्या आत युक्तिवाद संपला तर मी आजच निकाल देऊन जाणार. नाही संपला, तर नव्या साहेबांपुढे पुन्हा पहिल्यापासून."

नेमका तोच दिवस टेस्टचा पाचवा. आपल्याच देशात आपलेच लोक मॅच वाचवायला खेळत होते. ड्रॉसाहेब आले तेच पांढऱ्या बुटात, दाढी गुळगुळीत, चेहऱ्यावर लग्नघरासारखा आनंद. "काय योग हाय पाह्य बाई," मला म्हणाले, "तिकडं ते, इकडं मी." पट्टेवाला दारात उभा राहून बोटांनी विकेट सांगणार, अशी सोय त्यांनी करून ठेवली होती.

माझं बोलणं मी तासाभरात उरकलं. तेव्हा मला घाई होती, मला निकाल हवा होता. बारा वाजता त्यांनी गार्ड घेतला. ठक ठक ठक. मधल्या सुट्टीपर्यंत ते चाचांच्या वडिलांच्या जन्मापर्यंत पोचले होते. सुट्टीनंतर दारातली बोटं पाचवर गेली, मग सहावर. तिकडे पडझड चालली होती, इकडे हे खांबासारखे उभे. साहेबांनी आशा सोडून केसचे कागद चाळायला घेतले.

तीन वाजायला आले असतील. साहेब चाळता चाळता थांबले. एक पान त्यांनी दोनदा वाचलं. मग मान वर करून मला विचारलं, "बाई, तुमच्या पक्षकारांची दोन दुकानं रिकामीच आहेत असं त्यांनी स्वतःच म्हटलंय का इथं?"

 मागे बसलेल्या शेठजींनी खाकरून घेतलं.

"साहेब," ड्रॉसाहेब मध्येच आनंदानं म्हणाले, "बाईंना सविस्तर उत्तर देऊ द्या. आमची काही हरकत नाही." त्यांना वाटलं, चला, पाच मिनिटं फुकटात गेली.

आणि मी उत्तर द्यायला लागले. आता निकाल लागला तर मी हरणार होते. पण साडेतीन वाजू दिले तर नवे साहेब येणार, नवा डाव, कदाचित ते पान पुन्हा झाकलं जाणार. म्हणून मी म्हटलं, "साहेब, या मुद्द्यावर काही निवाडे दाखवायचे आहेत." मी निवाडा काढला. वर्ष, खंड, पान सांगितलं. मग माफी मागून पान दुरुस्त केलं. मग माझी फाइल खाली पडली, म्हणजे मी पाडली. कागद गोळा केले, नंबर लावले. पाणी मागितलं. पाण्याबद्दल आभार मानले. अकरा वर्षं जे पाहिलं होतं ते सगळं मला पाठ झालं होतं, आणि खोटं कशाला बोलू, मला ते छान जमत होतं.

साहेब चक्रावून एकदा माझ्याकडे, एकदा त्यांच्याकडे पाहत होते. दोन्ही वकील वेळ काढतायत, मग ही केस हवी तरी कुणाला?

पहिली पाच मिनिटं ड्रॉसाहेब खूश होते. मग त्यांचा चष्मा पुसणारा हात थांबला. या कलेतला एवढा जाणकार माणूस, दुसरा कुणी तीच कला करतोय हे त्यांना ओळखू येणार नाही होय? तीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी घड्याळावरची नजर काढली. माझ्याकडे पाहिलं. बॉलरच टाइम खातोय! मग साहेबांच्या तोंडाकडे पाहिलं. मग साहेबांचं बोट ज्या पानावर होतं तिकडे. कुलपांचा प्रश्न त्यांना आठवला असावा.

तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. ड्रॉसाहेबांनी हातातले कागद टेबलावर ठेवले. "साहेब, आमचा युक्तिवाद संपला," ते म्हणाले आणि खाली बसले.

टाइपिस्टचा हात थांबला. पट्टेवाला सात बोटं वर करून तसाच आत आला. "संपला?" साहेबांनी विचारलं.

"संपला."

"नक्की?"

"हो."

"साहेब, माझं प्रत्युत्तर अजून..." मी सुरुवात केली.

"बाई," साहेब म्हणाले, "गेली दहा मिनिटं तुम्ही तेच करत होतात." आणि निकाल लिहायला उठून चेंबरमध्ये गेले. साडेपाचला बोलावलं.

मधले दोन तास आम्ही कोर्टाच्या कॅन्टीनमध्ये काढले. टीव्हीवर मॅचचा शेवटचा तास, वकिलांची ही गर्दी. ते कोपऱ्यात बसले होते. मी त्यांच्यासमोर चहा ठेवला, तर त्यांनी कपाला हातही लावला नाही. कसा लावणार? पदरात काही पक्कं नव्हतं. फक्त एका अंदाजावर त्यांनी बॅट खाली ठेवली होती. अंदाज चुकला असेल तर चाचांचं दुकान आज संध्याकाळी गेलं, आणि घालवणारे ते. साडेतीनपर्यंत वीसच मिनिटं होती, डोळे मिटून निघाली असती. चाचा शेजारच्या बाकावर टोपी हातात घेऊन बसले होते. त्यांना काय चाललंय ते कळलंच नव्हतं. "वकीलसाब थक गए होंगे," ते मला म्हणाले.

"बाई," ड्रॉसाहेब हळू आवाजात म्हणाले, "खरं सांग. तू काऊन टाइम खाऊन राहिली होती?"

माझा पक्षकार दोन टेबलांपलीकडे बसलेला. वकिलाला असं काही सांगता येत नाही. पण समोर बसलेल्या माणसाचं तोंड पाहवत नव्हतं. मला त्या माणसाचा अकरा वर्षं राग होता, आणि त्या क्षणी मला त्याची दया येत होती, आणि दया आली म्हणून स्वतःचाच राग येत होता. मी माझा चष्मा काढला, पदरानं पुसला, परत घातला.

"यावर म्हणणं मांडायला मुदत द्या," मी म्हटलं.

 मग त्यांचे खांदे हळूहळू खाली आले आणि त्यांनी चहाचा कप उचलला.

तिकडे टीव्हीवर शेवटची जोडी उरली होती. बॅट्समनच्या भोवती फिल्डरांचं कडं.  शेवटची ओव्हर, शेवटचा बॉल, आणि तो पोट्ट्यानं पायापाशी ठेवून दिला. ड्रॉ! अख्खं कॅन्टीन उठून नाचायला लागलं. एका सरकारी वकिलानं एका आरोपीच्या वकिलाला उचलून घेतलं. सगळे ड्रॉसाहेबांकडे धावले, जणू त्यांनीच मॅच वाचवली. ते बसूनच होते. पडद्यावर ती दोघं पोरं बॅट काखेत मारून परत येताना दिसत होती. "नाबाद आले बरं का," ते एवढंच म्हणाले.

साडेपाचला निकाल झाला. शेठजींचा दावा फेटाळला. दुकान चाचांचं राहिलं.

चाचांना आधी समजेना. दोनदा सांगितल्यावर त्यांनी ड्रॉसाहेबांचे दोन्ही हात धरले आणि कोर्टाच्या जिन्यातच रडायला लागले. ड्रॉसाहेब त्यांची पाठ थोपटत होते आणि त्यांच्या डोक्यावरून माझ्याकडे बघत होते. जिंकणं त्यांना माहीतच नव्हतं, करायचं काय असतं त्याचं?

"मॅच जिकली म्हनतात, बाई," जिना उतरताना ते म्हणाले. "पन तुनं मले आउट केलं. तीस वर्सांत कोनी केलं नवतं."

शेठजी दोन महिने माझ्याशी बोलले नाहीत. मग त्यांच्या पोरानं त्या रिकाम्या दुकानांपैकीच एकात शोरूम टाकलं आणि ते चांगलं चालतं, तेव्हा शेठजी बोलायला लागले. ड्रॉसाहेबांनी मात्र त्या महिन्याअखेर वकिली सोडली. आम्ही सगळ्यांनी आग्रह केला. "आउट झाल्यावर क्रीजवर थांबत नसतात," म्हणाले. आता ते चांदूर रेल्वे गावात लेकीकडे असतात.

जायच्या आदल्या दिवशी ते माझ्या टेबलापाशी आले. हातात एक जाडजूड पुस्तक, लाल कापडी बांधणीचं. चाचांनी त्या केसचे अकरा वर्षांचे कागद त्यांच्या शिकंज्यात दाबून बांधले होते. पाठीवर सोनेरी अक्षरांत केसचा नंबर, त्याखाली 'बाद', आणि त्याखाली 'गोलंदाज' म्हणून माझं नाव.  त्यांनी चष्मा काढला. मी वाट पाहत राहिले. पण या वेळी त्यांनी तो पुसला नाही.

"तुह्या मामाले सांग," ते म्हणाले, "लागली होती."

त्या रविवारी मी अमरावतीला गेले. पुस्तक मामापुढे ठेवलं. त्यानं सोनेरी अक्षरांवरून बोट फिरवलं, तीनदा विचारलं, "आउट केलं? तुनं?" मग मी निरोप सांगितला.

 मला वाटलं, आता मामा शिव्या देणार. तो खुर्चीतून उठला, माझ्याकडे पाठ केली, आणि डोक्याच्या वर दोन्ही हात करून, तो उजवासुद्धा, बैठकीतल्या पंख्यालाच अंपायर समजून गल्लीला ऐकू जाईल असा ओरडला, "हाऊज दॅट!"

मामी पिठाच्या हातानं बाहेर धावत आली. "काय झालं वं? काऊन बोंबलून राहिले हे?"

"काही नाही, मामी," मी म्हटलं. "आउट झाला."